वीस टक्के उजेड

अस्मिता गायकवाड गाडी चालवताना ओळखीच्या माणसाला हात करत नसे. स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलायची, एवढंच. वाकोल्यापासून आमच्या मरोळपर्यंत ती दोन बोटं ओळखणारी तीसेक माणसं तरी असतील. शहाळेवाला, पंक्चरवाला, स्टँडवरचे रिक्षावाले आणि आमच्या सिग्नलला हार-गजरे विकणाऱ्या सुंदराबाई. एक बोट उचललं की सुंदराबाईंनी समजायचं, आज नको. दोन उचलली की पांढऱ्या फुलांची पुडी खिडकीतून आत. ती फुलं संध्याकाळी विहारात जायची. मी शेजारच्या सीटवर बसून दर वेळी म्हणायची, "अगं, समोर बघ." आणि ती दर वेळी म्हणायची, "समोरच बघतेय, बाई."

मला सगळे बाईच म्हणतात. तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं, त्याचा एवढाच फायदा उरला आहे.

अस्मिताचे वडील बुलढाण्याकडचे, टेलिफोन खात्यात लाइनमन होते. तिचं बी.कॉम.चं शेवटचं वर्ष लग्नात बुडालं. लग्न नवव्या वर्षी मोडलं. मग तिने शाळेची व्हॅन चालवली, आणि नंतर एक जुनी लाल गाडी घेऊन आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात, बँकेत, नातवंडांच्या वाढदिवसांना न्यायला लागली. आमच्या इमारतीत आम्ही पाच जणी तिच्या भरवशावर आहोत. माझ्या गुडघ्याचा व्यायाम पवईला असतो, सोमवारी आणि गुरुवारी. त्या दिवशी ती दुपारी गाडी इमारतीखालच्या आमच्या स्टिल्टमध्ये लावायची, माझ्या स्वयंपाकघरात बसून डबा खायची आणि पंख्याखाली फरशीवरच अर्धा तास झोपायची. चादर दिली तर चादर बाजूला सारायची.

हे सगळं सुरळीत चाललं होतं ते मार्चपर्यंत.

मार्चमध्ये तिच्या फोनवर एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला. "आज पिवळा. छान दिसतो." तिने पिवळा ड्रेस घातला होता. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नंबरवरून, "निळा जुना झाला. नवीन घे." तिसऱ्या दिवशी एका सिग्नलला तिच्या काचेवर टकटक झाली. अंगठीने करतात तशी. बाहेर विशाल उभा होता, तिचा आधीचा नवरा.  बघितलं आणि गेला.

"मारलं असतं तर परवडलं असतं," ती मला म्हणाली. "हे बघणं सहन होत नाही. कुठून बघतो ते कळत नाही ना, बाई. पुलावरून बघतो, दुकानातून बघतो, बसमधून बघतो, काय माहीत."

पोलीस चौकीत ती गेली. "काही केलं का त्याने?" त्यांनी विचारलं. बघतो, असं सांगितल्यावर गुन्हा नाही, नुसती एन.सी. लिहून घेतली आणि कागद हातात दिला. तो कागद तिने गाडीच्या कप्प्यात ठेवला. मी म्हटलं, कागद कप्प्यात ठेवून काय होणार? तर म्हणाली, "माझ्याजवळ आहे एवढं तरी."

तिचा चेहरा उतरत चालला होता. डबा अर्धा परत जायचा. झोप तर गेलीच. पंख्याखाली पडायची आणि डोळे छताला. तिची मुलगी दिशा पाचवीत आहे. शाळेत अस्मिताने लिहून दिलं होतं की मुलीला आईशिवाय कुणाच्याही ताब्यात द्यायचं नाही. तरी रोज साडेचारला शाळेच्या ऑफिसात फोन करून "आहे ना?" असं विचारायची.

एप्रिलच्या पहिल्याच गुरुवारी ती म्हणाली, "बाई, काचांना काळी फिल्म लावते. त्याला दिसणारच नाही मी कुठल्या रंगात आहे ते."

मला हा विचार एकदम पसंत पडला. हे मी लपवणार नाही. मला वाटलं, अखेर पोरीने काहीतरी करायचं ठरवलं. मीच म्हटलं, चल, आत्ता जाऊ.

अंधेरीला स्पेअर पार्टच्या दुकानांच्या गल्लीत सुयोग नावाच्या माणसाचं फिल्म लावायचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर आणि बाहेर रस्ता. त्याने काचेचे पाच चौकोनी तुकडे भिंतीला टांगले होते. सत्तर, पन्नास, पस्तीस, वीस, पाच. जेवढा आकडा तेवढे टक्के उजेड आत जाणार.

"नियमाने पुढे-मागे सत्तर, बाजूला पन्नास," सुयोग म्हणाला. "त्याच्या खाली गेलं की पावती. आणि कंपनीची काचच मुळात तीस टक्के उजेड खाते. त्याच्यावर पन्नासची लावली की हातात किती उरला?"

"पस्तीस," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे आदराने पाहिलं. "म्हणजे नियमात बसायचं तर जवळजवळ पारदर्शकच लावा. ऊन अडतं, चेहरा नाही अडत."

"मला चेहराच अडवायचाय," अस्मिता म्हणाली.

सुयोगने दोघींकडे पाहिलं. त्याला समजलं असावं. अशा बायका त्याच्याकडे येत असणार. त्याने एका गाडीच्या मागच्या सीटवर वर्तमानपत्र ठेवलं आणि वीस टक्क्यांचा तुकडा आमच्या डोळ्यांसमोर धरला. "वाचा मथळा." मला वाचता येईना. अस्मितालाही येईना. "आता पस्तीस." मथळा अंधुक दिसला.

"पस्तीस घ्या, ताई. वीस म्हणजे संध्याकाळी बाजूचा स्कूटरवाला तुम्हाला दिसणार नाही. आणि आत कोण बसलंय ते कुणाला म्हणजे कुणालाच कळणार नाही."

"तेच तर पाहिजे," मी म्हटलं. "वीस लाव. पुढची काच सोड, बाकी सगळ्या कर. पावतीचं बघू नंतर."

अस्मिता अजून तुकड्यांकडेच बघत होती. मला चटचट निर्णय लागतात, लोक घोळ घालत बसले की माझं डोकं उठतं. वीस गुणिले शून्य पूर्णांक सात, म्हणजे चौदा टक्के उजेड. मी गुणाकार बरोबर केला होता. विचार अजिबात केला नव्हता.

दोन तासांत फिल्म लागली. "चार दिवस काच खाली करू नका," सुयोग म्हणाला. चार दिवस गेले, पंधरा दिवस गेले, अस्मिताने काच खाली केलीच नाही. एसी लावून बसायची. मेसेज बंद झाले. एकही रंग नाही. ती पुन्हा पंख्याखाली झोपायला लागली, एकदा तर घोरली. मी मनात म्हटलं, बघा, कसं जमलं.

सुंदराबाईंनी मला भाजीच्या गाडीपाशी गाठलं तेव्हा मात्र त्या म्हणाल्या, "आजी, तुमची ड्रायव्हरताई गेली काय सोडून?"

"नाही हो. रोज जाते की तुमच्यासमोरून."

"मग दिसत कशी नाय? पौर्णिमेला फुलं काढून ठेवली होती. सुकली." मला ते महत्त्वाचं वाटलं नाही. फुलंच ती, असं वाटलं.

एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी, चारला दहा कमी असताना, आम्ही दोघी खाली उतरलो. आमच्या स्टिल्टमध्ये गाड्या एकामागे एक लावाव्या लागतात, जागाच तेवढी. त्यामुळे सगळ्यांच्या चाव्या वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्यांवर असतात, मागच्याची गाडी काढायची तर पुढची सरकवता यावी म्हणून. वीस वर्षं ही पद्धत आहे. धोंडू वॉचमन गिरणी बंद पडल्यापासून आमच्याकडे आहे, कुठली चावी कुणाची ते तो हात लावून सांगतो. अस्मिताने चावी खिळ्यावरून घेतली. धोंडू केबिनमध्ये नव्हता, पंप बंद करायला गेला होता.

गाडी भिंतीला लागून होती. तिथे दिवसासुद्धा अंधारच असतो, त्यात काळ्या काचा. अस्मिताने दार उघडलं, मी काठी पुढे टाकून पलीकडून बसले. तिने गाडी काढली, गेटबाहेर आली, डावीकडे वळली.

गाडीत केसांच्या तेलाचा वास होता. मला वाटलं अस्मिताचा. ती मात्र ताठ झाली होती. तिने आरशात पाहिलं. त्या आरशात मागची काच काळी, मागचं सीट काळं.

"आज हिरवा," मागून आवाज आला. "छान दिसतो."

 वळून बघायला मान वळेना. डोळ्यांच्या कोपऱ्यातून एवढं दिसलं की अस्मिताची ओढणी सीटच्या मागे गेली आहे आणि ताणली गेली आहे. तिचं डोकं सीटला चिकटलं होतं.

"थांबवू नकोस. चालव," विशाल म्हणाला. रागाने नाही, समजावल्यासारखं. त्यानेच जास्त भीती वाटली. "दिशाच्या शाळेकडे घे. तू नुसतं गेटपाशी उभं राहायचं. आईशिवाय देत नाहीत ना ते? तू लिहून दिलंस ना? मग तूच चल."

"ती... तिचं साडेपाचला सुटतं," अस्मिता म्हणाली.

"पाचला सुटतं. मला शिकवू नकोस. आजी, तुम्ही गप्प बसा. तुमचं काही नाही यात."

आणि मी गप्प बसले. आयुष्यभर वर्गातल्या साठ-साठ पोरांना गप्प केलं, आणि त्या दिवशी एका माणसाने सांगितल्यावर मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसून राहिले.  काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये होती आणि ती दारावर टकटक वाजत होती.

सिग्नल लाल झाला. उलटा आकडा सुरू झाला, शहाऐंशी. चारी बाजूंनी गाड्या, बस, स्कूटर, शाळेतून आणलेली मुलं. शंभर माणसं हाताच्या अंतरावर. पुढच्या काचेतून त्यांना काय दिसत असेल? पुढे बसलेल्या दोन बायका. मागचा माणूस चालकाच्या सीटमागे वाकून बसलेला, त्याच्या भोवती चौदा टक्के उजेड.

त्र्याहत्तर. हातात गजऱ्यांची टोपली घेऊन सुंदराबाई गाड्यांच्या मधून आल्या. माझ्या काचेपाशी थांबल्या. मला वाटलं, त्यांनी पाहिलं. त्यांनी काचेत स्वतःचं तोंड पाहिलं, पदराच्या टोकाने कपाळावरचा घाम टिपला, कुंकू सारखं केलं. माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर. मी त्यांच्या डोळ्यांत बघत होते आणि त्या स्वतःच्या.

सत्तावन्न. तेव्हा मला अस्मिताची बोटं दिसली. स्टिअरिंगवरून दोन बोटं उचललेली. पहिलं आणि मधलं. तिची मान हलत नव्हती, ओढणी गळ्यापाशी रुतली होती, आणि ती दोन बोटं सुंदराबाईंसाठी उचलून तशीच धरून बसली होती. बाजूच्या काळ्या काचेतून ती सुंदराबाईंना दिसणार नव्हती. तिला हे माहीत होतं. ती बोटं फक्त मलाच दिसत होती.

माझ्या दारावर काचेचं बटण होतं. मी ते दाबलं.

काच पहिल्यांदा चिकटल्यासारखी अडली, मग करकरत खाली गेली. उजेड आणि हॉर्न एकदम आत आले. "ए, काच," विशाल म्हणाला, पण तोवर सुंदराबाईंनी सवयीने फुलांची पुडी आत धरली होती.

"अगो, गाडी तुझीच काय ही?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी अस्मिताचा चेहरा पाहिला. मग ओढणी पाहिली, ती जिथे जात होती तिथवर.

 हातातली टोपली त्यांनी गाडीच्या बॉनेटवर ठेवली आणि स्वतः गाडीसमोर उभ्या राहिल्या.

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू झाले. स्टँडवरचे दोन रिक्षावाले शिव्या घालत आले, "मावशी, रस्त्यात दुकान मांडलंस काय?" सुंदराबाईंनी हनुवटीने गाडीकडे दाखवलं. एकाने माझ्या खिडकीतून डोकं आत घातलं.

"बायको आहे माझी," विशाल म्हणाला. "घरचा मामला आहे."

"मग पुढे बस ना," रिक्षावाला म्हणाला. "मागनं गळा काय धरतोस?"

विशालने ओढणी सोडली. दार उघडलं, गाड्यांच्या मधून चालत गेला. पळालासुद्धा नाही. दुसरा रिक्षावाला त्याच्या मागे गेला, पण बस मध्ये आली.

अस्मिताचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. तिने तोंड उघडलं ते एवढंच बोलायला, "शाळेत फोन करा." फोन तिच्याच पर्समध्ये होता, मला नंबर सापडेना, बोटं चुकीच्या जागी पडत होती. शेवटी रिक्षावाल्याने लावून दिला. दिशा वर्गात होती.

एवढ्यात ट्रॅफिक हवालदार आले. गर्दी बघितली, गाडीभोवती फेरी मारली आणि मागच्या काचेवर टिचकी मारली. "काळी काच. पावती होईल."

"आधी तो माणूस कुठे गेला ते बघा," मी म्हटलं. माझा आवाज मला परत मिळाला होता. "मग काचेची पावती करा. दोन करा."

या वेळी मात्र चौकीत नीट लिहून घेतलं. साक्षीदार होते. सुंदराबाई टोपली घेऊनच बाकावर बसल्या आणि सगळं दोनदा सांगितलं. विशाल चौथ्या दिवशी सापडला, आता सुटलाही आहे, तारखा चालू आहेत. त्याने मायलेकींच्या जवळ यायचं नाही असा आदेश आहे. आदेश म्हणजे काय, तर आणखी एक कागद.

त्याच संध्याकाळी मी धोंडूला धरलं.

"माझ्यासमोर आला होता, बाई. तो म्हणालो, मी तिचो घोव, नवरो. डबो गाडीत ऱ्हवलो. चावी घेतल्यान, दार उघडल्यान, माझ्यासमोर बंद केल्यान, चावी परत दिल्यान." त्याने चावी परत दिल्याची खूण हवेत करून दाखवली. "मगे मी पंपाक गेलंय. घोवाक चावी नाय देवची तर कोणाक देवची?"

त्या जुन्या गाडीला प्रत्येक दाराचं वेगळं लॉक आहे. त्याने मागच्या दाराचं बटण आतून वर केलं होतं आणि धोंडू पंपाकडे गेल्यावर शांतपणे येऊन बसला होता. साडेतीनपासून. आम्ही वर सरबत पीत होतो. धोंडूवर ओरडायला मी तोंड उघडलं होतं, पण काय ओरडणार? आमच्या वीस खिळ्यांपैकी कुठल्याही चावीबद्दल "मी नवरा" असं सांगितलं असतं तर आमच्यापैकी कुणीही काढून दिली असती. आणि काच साधी असती, तर अस्मिताला तो दहा पावलांवरून दिसला असता. ती काच काळी कर, असं मी सांगितलं होतं.

हे मी तिला म्हणाले. ती म्हणाली, "पैसे मी दिले, बाई. तुम्ही फक्त घाई केलीत." एवढ्यावर तिने तो विषय बंद केला. मला मात्र अजून तो बंद करता आलेला नाही.

फिल्म तिने सुयोगकडे काढली नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या स्टिल्टमध्येच, बादलीभर गरम पाणी आणि माझा भाजी चिरायचा जुना सुरा घेऊन खरवडली. मागच्या काचेला डिंकाचे पट्टे राहिलेत, ते अजून तसेच आहेत. तिची चावी आता खिळ्यावर नसते, तिच्या गळ्यात असते. मागच्याला गाडी काढायची असली तर तिला हाक मारायची. दोघा-तिघांनी कुरकुर केली, त्यांची समजूत मी काढली.

ती घाबरायची थांबली आहे असं मी म्हणणार नाही. गाडीत बसण्याआधी ती चारी काचांना दोन्ही हातांचा आडोसा करून आत बघते. सीटखालीसुद्धा बघते. मग मी बघते. दोन बायका भर दुपारी रिकाम्या गाडीभोवती अशा फिरतात, लोक बघतात, बघू देत. पुलाखालून जाताना तिचे खांदे अजून कानांपर्यंत चढतात. मेसेज परवा पुन्हा एक आला. रंग नव्हता, नुसता "हाय." तिने चौकीत नेऊन दाखवला.

सकाळी साडेनऊपर्यंत लाल गाडी सिग्नलला आली नाही तर सुंदराबाई मला फोन करतात. मागच्या आठवड्यात दोनदा केला. एकदा टायर बसला होता, एकदा दिशाला ताप होता.

ऊन आता कडक आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या मृणालिनी परवा मागच्या सीटवर बसल्या आणि म्हणाल्या, "अगं अस्मिता, भाजून निघाले मी. ती फिल्म का काढलीस? बरी होती की."

अस्मिताने कप्प्यातला टॉवेल काढून मागे दिला. "हा काचेत अडकवा."

"टॉवेल? कसं दिसतं ते."

"दिसू दे. टॉवेल ओढून काढता येतो," अस्मिता म्हणाली, आणि गाडी सुरू करण्याआधी आरशात पाहिलं. मृणालिनी होत्या. त्यांच्या पलीकडे, डिंकाच्या पट्ट्यांमधून, धोंडू गेट उघडताना दिसत होता. तिने तरी आणखी एकदा पाहिलं.